धरणारं तेल, पळणारं तेल

जगातलं सगळं लोखंड आणि पितळ आपल्यालाच हाका मारत असतं, अशा समजुतीवर उभं आयुष्य काढलेलं एकच माणूस मी पाहिलं आहे, आणि ते म्हणजे माझी सासू. दाराची बिजागरी, पाळण्याची कडी, शेजाऱ्याच्या सायकलचं पायडल, यांपैकी कुणीही कुरकुरलं की मामी हातातला घास ताटात ठेवून उठतात. आमच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतो, मीही म्हणतो. धुळ्याला पाचव्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि त्या गल्लीत एकही फाटक वाजत नाही. लोक त्यांना अक्का म्हणतात, तोंडावर मान देतात आणि पाठीमागं कुरबुर करतात की अक्कांच्या तेलापायी पाहुणा आल्याचं कळतच नाही. माणूस बनियनवर बसलेला असतो आणि व्याही एकदम ओट्यावर उभे दिसतात. एका घरानं तर मुद्दाम फाटकाच्या बिजागरीत वाळू टाकून आवाज परत मिळवला होता. मामींना ते दुसऱ्याच दिवशी ऐकू आलं. त्यांनी वाळू धुतली, तेल सोडलं आणि त्या घराशी आठवडाभर अबोला धरला.

मी मुलगी पाहायला धुळ्याला गेलो तो यावलहून, काकांच्या जुन्या जीपमधून. बैठकीत पुरुषमंडळी बसली, पोहे मुलीनं आणले, चहा मुलीच्या काकूनं आणला, पण मुलीची आई काही दिसेना. काकांनी घसा खाकरून विचारलं, "विहीणबाई कुठं आहेत?" मंडळी पोहे ढवळू लागली. शेवटी मुलीच्या लहान भावानं सांगून टाकलं, "माय तुमच्या जीपना दारले तेल देई राहिनी." काका मानी माणूस, त्यांना तो अपमान वाटला, परतताना मात्र जीपचं मागचं दार पहिल्यांदाच एका बोटानं लागलं आणि काकांनी गाडीतच होकार दिला. मामींनी मला का पसंत केलं, ते लग्नानंतर बायकोनं सांगितलं. मी जीपमधून उतरल्यावर दार आपटलं नव्हतं, हातानं धरून हलकेच लावलं होतं. माझा पगार, माझं शिक्षण, माझी कुंडली, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी दार हळू लावलं ते सुसंस्कृतपणामुळं लावलं नव्हतं. मला आवाज करायचीच भीती वाटते. जळगावच्या एका कॉलेजात मी ग्रंथालयात काम करतो. 'शांतता राखा' ही पाटी माझ्या डोक्यावर टांगलेली आहे, पण ती नसती तरी मी गप्पच बसलो असतो. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. कंडक्टरनं "सुटे द्या" म्हटलं तरी मला आपण काहीतरी लुबाडल्यासारखं होतं. अशा माणसाला, घरातला बारीकसा आवाजही ज्यांना सहन होत नाही अशी सासू मिळाली, हे आमच्या दोघांचंही नशीब म्हणायचं.

मामींकडं तेलाच्या बाटल्या किती आहेत ते त्यांनाही माहीत नसावं. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या, खोकल्याच्या, अत्तराच्या, एक तर बाळाच्या ग्राइप वॉटरची. एकीवरही चिठ्ठी नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगायचं: हे एरंडेल, हे तिळाचं, हे करडईचं, हे मागल्या वर्षीचं करडईचं. साध्या तेलावर त्यांचा विश्वास नाही. "एकलं तेल काय कामनं?" त्या म्हणतात. "एक धरनारं जोयजे, एक पयनारं." जोयजे म्हणजे पाहिजे, आणि पयनारं म्हणजे पळणारं. याची फोड त्यांनी मला अनेकदा करून सांगितली आहे, आणि ती मी माझ्या भाषेत मांडतो. लोखंड वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतातच. दोन तुकडे कोरडेच एकमेकांवर दाबले की एकाचे उंचवटे दुसऱ्यात रुततात आणि दोघं एकमेकांना धरतात. मामींच्या मते लोखंडाचा स्वभावच तो. मध्ये कुणी नसलं की ते जवळ जाणारच, आणि एकदा जवळ गेलं की सुटताना दोघांचीही साल निघणार. एरंडेल जाड, धातूच्या अंगाला चिकटून बसतं, वरून दाब आला तरी जागा सोडत नाही. पण ते आळशी आहे, आत शिरत नाही, दारातच बसकण मारतं. तिळाचं तेल चपळ, क्षणात आत जातं, पण दाब येताच तितक्याच चपळाईनं बाहेर येतं. दोन्ही मिसळलं की चपळ तेल आळशी तेलाला बोट धरून आत नेतं, आणि मग आळशी तेल तिथं ठाण मांडून राखण करतं. "तिसरं मात्र मिसळायचं नाही," हा त्यांचा कायदा.

हा कायदा कसा झाला तेही सांगण्यासारखं आहे. मेहुण्याच्या साखरपुड्याला मांडवात पंखा टांगला होता आणि तो घरघरत होता. मामींनी एरंडेल घेतलं, तिळाचं घेतलं, आणि लेकाचा साखरपुडा म्हणून उत्साहाच्या भरात तूप, खोबरेल आणि शिलाई मशीनचं तेलही त्यात घातलं. पंखा गप्प झाला. सगळ्यांनी वाहवा केली. मग अंगठी घालायच्या वेळी कुणीतरी पंखा मोठा केला आणि त्या पाच तेलांनी एकमेकांची साथ सोडली. नवरीच्या वडिलांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर आधी एक पिवळा ठिपका पडला, मग तिथं नक्षीच उमटली. ते बिचारे वर बघून म्हणाले, "पाली आहेत का हो?" मामींनी पदर तोंडाला लावला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "मन्ही चूक शे. तिसरं मिसयं." कुणालाही काही कळलं नाही. लग्न झालं, पण नवरीचे वडील आजही त्या घरात आले की पंख्याखालची जागा टाळतात.

एकदा त्या आमच्याकडे जळगावात पिंप्राळ्याला यायला निघाल्या, तर बसमध्ये पुढच्या सीटचा सांधा धुळ्यापासून वाजत होता. पारोळ्यापर्यंत त्यांनी दम धरला. तिथं बस थांबली तेव्हा पिशवीतून बाटली काढून त्या सीटखाली वाकल्या. कंडक्टर ओरडला, "ओ अक्का, सरकारी गाडी आहे ती!" मामींनी मान वर न करता विचारलं, "सरकारनं आंग दुखस नही का?" बसमधली माणसं हसली, कंडक्टरही हसला, आणि एरंडोल येईपर्यंत त्यानं त्यांच्याकडून आपल्या तिकीट-पेटीचं झाकणही करून घेतलं.

पण मामींचा खरा जीव आहे तो शेवयांच्या यंत्रात. ओतीव लोखंडाचं अंग, तोंडाशी आट्यांवर फिरवून बसवायचं पितळी झाकण, त्यात जाळी, आणि मागं फिरवायचा दांडा. उन्हाळ्यात ते बाजेच्या माचव्याला आवळायचं, एकीनं कणकेचे गोळे भरायचे, एकीनं दांडा फिरवायचा, एकीनं खाली शेवया झेलायच्या. चैत्र-वैशाखात हे यंत्र स्वतःच्या घरी नसतंच. पाचव्या गल्लीतून चौथ्या, चौथ्यातून सहाव्या, असं ते एखाद्या मानाच्या पाहुण्यासारखं फिरतं आणि शेवटी परत येतं. त्याला मामींचा एक वेगळा नियम आहे: खाण्याच्या यंत्राला खाण्याचंच तेल. गॅरेजचं ग्रीस लावलं तर यंत्र छान फिरेल, पण खीर गॅरेजची लागेल. म्हणून झाकणाच्या आट्यांना एरंडेल आणि ताजं तिळाचं, दोनच. आणि जवस कधीच नाही. जवसाचं तेल लाकडाला लावावं, असं त्या सांगतात. धातूच्या फटीत गेलं तर वाऱ्यावर वाळतं, कडेला पिवळी साय धरतं, आणि डिंकानं बांधल्यासारखं दोन्ही तुकडे एक करून टाकतं. हे त्यांनी मला एकदा नखावर थेंब वाळवून दाखवलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझी बायको आजारी पडली आणि गेली. थकवा येतो म्हणायची, मी म्हणायचो उन्हाचा आहे. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. 'फार' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तेव्हा नातवंडांच्या निमित्तानं धुळ्याला जाण्यायेण्याचाही प्रश्न नव्हता. दिवसकार्य झालं, आणि माझं आणि मामींचं नातं ज्या एका माणसामुळं होतं ते माणूस मध्ये उरलं नाही. मी धुळ्याला जायचं बंद केलं. लोकांना वाटलं, दुःखामुळं. मला भीती वाटत होती ती वेगळीच. मामी कधीतरी समोर बसून शांतपणे विचारतील, "तुम्हाला कळलं कसं नाही?" ज्या बाईला पारोळ्याच्या स्टँडवर सीटचं दुखणं कळतं, तिला मी काय सांगणार होतो?

वर्ष तसंच गेलं. मग गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मामींचा फोन आला. कसे आहात नाही, जेवलात का नाही. "जवाई, यंत्रना आटा धरी बठनात. मन्हा हातमा जोर नही. या."

गेलो. झालं होतं ते असं: चौथ्या गल्लीतल्या एका घरानं शेवया झाल्यावर यंत्र परत करताना भक्तिभावानं धुतलं, आणि मामींच्या तेलावर स्वतःकडून म्हणून तळणीचं उरलेलं तेलही चोपडलं. कुरड्या, पापड, भजी, काय काय तळून दाट झालेलं. तिसरं मिसळलं. त्यात कणकेची धूळ. झाकण असं बसलं होतं की यंत्र आणि झाकण हे दोन शब्द वापरण्यात अर्थ नव्हता. मामींनी मला पाणी दिलं, यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं, आणि आम्ही दिवसभर ते झाकण सोडवत बसलो. कडेनं थेंब सोडायचा, लाकडी लाटण्यानं हलके ठोकायचं, थांबायचं, पुन्हा थेंब. मध्ये शेवभाजी आणि भाकरी. माझ्या बायकोचं नाव त्यांनी काढलं नाही, मी काढलं नाही. संध्याकाळी झाकण होतं तिथंच होतं. "घाई कसाले?" मामी म्हणाल्या. "पुढल्या रविवारी या."

तेव्हापासून मी रविवारी धुळ्याला जाऊ लागलो. सकाळची बस, खिडकीशी बसायचं, एरंडोल, पारोळा, मग पाचवी गल्ली. नातेवाइकांत माझं नाव झालं. बायको गेली तरी सासूचं करतो, असा जावई मिळत नाही, वगैरे. मी ते ऐकून घेत होतो आणि मनात ओशाळत होतो, कारण मी मामींसाठी जातच नव्हतो. पिंप्राळ्याच्या घरात रविवारी दुपारी जी शांतता पडते ती मला सहन होत नव्हती. कामाचे दिवस निघतात. रविवारी मात्र तिची खुर्ची रिकामी असल्याचं घरभर कळतं. मामींच्या समोर बसून एका अडलेल्या झाकणाकडे बघण्यात, मला वर्षभरात पहिल्यांदा, बरं वाटत होतं.

दरम्यान सुरतेचा विषय निघाला. माझा मेहुणा सुरतेला कापड गिरणीत सुपरवायझर आहे, आठव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे. आईनं आता एकटं राहू नये, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हती. मामी एकदा न्हाणीत घसरल्या होत्या, आणि गॅस चालू ठेवून शेजारच्या फाटकाला तेल घालायला गेल्या होत्या. त्यानं फोनवर सांगितलं, "दाजी, माय फोन उचलत नाही ना, तर माझा जीव खालीवर होतो." मामींनी त्याला कबूलही केलं होतं: गल्लीचं यंत्र असं अडलेलं टाकून जाता येत नाही; ते उघडलं की चालू करून गल्लीच्या हवाली करीन आणि येईन. म्हणजे झाकण सुटलं की मामी सुरतेला जाणार, हे ठरलेलं होतं. मामी त्या फ्लॅटवर एकदा जाऊन आल्या होत्या. मी विचारलं, कसं आहे घर? त्यांनी थोडा विचार केला. "चांगलं शे," त्या म्हणाल्या. "बठ्ठं सरकस. खिडकी सरकस, दार सरकस. काहीच कुरकुरस नही." सगळंच सरकतं, एवढं सांगून त्या हातातल्या चिंधीची वात वळत राहिल्या.

पावसाळा संपत आला तेव्हा मी एका रविवारी, झाकण थोडं तरी हलतंय का हे कळावं म्हणून, झाकण आणि अंग यांच्यावरून कोळशाची एक आडवी रेघ ओढून ठेवली. पुढच्या रविवारी गेलो. मामी चहा करत होत्या. मी यंत्र मांडीवर घेतलं आणि पाहिलं, तर रेघेचे दोन तुकडे झाले होते. अर्धी झाकणावर एकीकडं, अर्धी अंगावर दुसरीकडं. झाकण फिरलं होतं. नुसतं फिरलं नव्हतं, पूर्ण निघालं होतं, कारण कडेची ती तळणीच्या तेलाची काळी घाण पुसून लख्ख झाली होती. आणि तिच्या जागी सांध्यातून एक बारीक पिवळी कड बाहेर आली होती. नखानं टोकरली तर सायीसारखी निघाली. नाकाशी नेली.

जवस.

मामींनी यंत्र उघडलं होतं. उघडून, पुसून, जवसाचं तेल लावून पुन्हा घट्ट बसवलं होतं. ज्या बाईनं मला नखावर थेंब वाळवून दाखवला होता, तिच्या हातून हे चुकून होणं शक्य नव्हतं.

मामी चहा घेऊन आल्या. माझ्या हातातल्या यंत्राकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्या नखाकडे. मी नख धोतराला... नाही, धोतर मी नेसत नाही, पँटलाच पुसलं. "अजून नाही हलत, मामी," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "जुनं दुखणं शे. येळ लागई." आणि मी दात-ओठ खाऊन जोर लावू लागलो. आयुष्यात मी कधी नाटकात काम केलं नाही, पण त्या दिवशी मी जो घाम गाळला तो पाहून कुणालाही माझी दया आली असती. उलट्या दिशेनं फिरवत होतो, म्हणजे आवळतच होतो. मामींना ते दिसत होतं. त्या मला वारा घालत होत्या. असे आमचे कितीतरी रविवार गेले: त्या मधल्या दिवसांत जवस सोडत, मी रविवारी जोरात आवळत असे, आणि दुपारी दोघंही अगदी मनापासून काळजी करत असू की हे उघडणार तरी कसं.

दिवाळीनंतर मेहुणा आला. न सांगता, रविवारीच. दार वाजलं नाही, अर्थातच; तो एकदम आत उभा दिसला. आईच्या पाया पडला, माझ्याशी हात मिळवला आणि यंत्र उचललं. "हे अजून इथंच? माय, दे इकडं. गॅरेजवाला दोन मिनिटांत तापवून हातोडा घालील की सुटतं. आजच आटपू, आणि आठवडाभरात निघू. दाजी, तुमचेही किती रविवार खाल्ले या डब्यानं!"

 मामींनी यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला. पोरगा यंत्र धरून उभा, आई दांडा धरून बसलेली. तो हसत म्हणाला, "सोड ना माय." त्यांनी सोडला.

तो दाराशी पोचला तेव्हा मी बोललो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "थांबा," मी म्हणालो. "मामींना सुरतेला यायचं आहे का, ते विचारलंय का कुणी?"

मेहुणा वळला. "म्हणजे काय दाजी? ठरलंय ते."

"ठरलंय. विचारलंय का?"

"तुम्ही कधी बोलत नाही आणि आज एकदम..." तो गोंधळला. "मग इथं कोण आहे तिला? उद्या-परवा काही झालं तर? मी तिकडं रडत बसू?"

"मी येतो दर रविवारी," मी म्हणालो, "आणि मला ते कमी पडतं, हेही खरं. त्यांना एकटं बरं वाटतं असं मी म्हणत नाही. पण त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. माझ्यासाठी जाऊ नये. हे मी आधीच सांगायला हवं होतं." एवढं बोलून मी पाटावर बसलो.

मेहुण्यानं आईकडं पाहिलं. "माय? तुले नही येनं?"

मामी भिंतीकडं बघत होत्या. "माले कोनी इचारं का?" त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. त्या आवाजात तक्रार नव्हती. सीटच्या सांध्याबद्दल बोलावं तसं म्हणाल्या.

मेहुणा यंत्र घेऊन तसाच उभा राहिला. मग काहीतरी हाताला लागलं म्हणून त्यानं झाकणाच्या कडेकडे पाहिलं. अंगठ्यानं चोळलं. नाकाशी नेलं. तोही त्याच घरात, त्याच बाटल्यांच्या वासात वाढलेला. त्याचा चेहरा बदलत गेला. आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा आईकडं.

"जवस?" तो म्हणाला.

मामींनी पदर सारखा केला. मग तो खाली बसला, यंत्र मांडीवर घेतलं आणि हसायला लागला. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. "दोघंबी एक नंबरना चोर शेत," तो म्हणाला. "पानी तपाड, माय."

मामींनी पाणी उकळलं आणि पितळी झाकणावर धार धरली. पितळ लोखंडाच्या आधी फुलतं, हे त्यांनी आम्हा दोघांनाही समजावून सांगितलं, जणू मधले इतके महिने त्यांना त्याची आठवणच झाली नव्हती. मग फडक्यात झाकण धरून, त्या बिनजोराच्या हातानं, एकदाच पीळ दिला. झाकण सुटलं. आटे कोरे होते. धातूची साल कुठंच निघाली नव्हती. मेहुण्यानं ठरवलं की न्हाणीत दांडी बसवायची, गॅसला आपोआप बंद होणारी शेगडी आणायची, आणि सुरत माघापर्यंत राहू द्यायची. मग माघात पुन्हा विचारायचं. "इचारानं," मामी म्हणाल्या. यंत्राला एरंडेल आणि तिळाचं लागलं, ते फडक्यात बांधलं गेलं, आणि चौथ्या गल्लीला निरोप गेला की यंत्र चालू आहे, तळण मात्र तुमचं तुमच्याकडंच ठेवा.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या लक्षात आलं की मला धुळ्याला जायला आता काहीच कारण नाही.

त्या रविवारी मी गेलो नाही. मेहुण्यासमोर 'माझ्यासाठी' म्हणालो होतो, तो बोलण्याच्या भरातला शब्द, असं स्वतःला समजावलं. सकाळी अंघोळ करून, कपडे घालून, पिंप्राळ्याच्या घरात बसून राहिलो. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र पाय आपणहून स्टँडकडं गेले. वाटेत मी कारणं जुळवत होतो: ग्रंथालयाच्या कपाटाचं कुलूप अडतं, किंवा तिळाचं तेल कुठलं चांगलं ते विचारायचं होतं. पारोळ्यापर्यंत यातलं एकही कारण टिकलं नाही.

मामी ओट्यावर गहू निवडत होत्या. मला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "काय काम काढं, जवाई?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी थोडी सरकून जागा केली. मी बसलो. सुपातले खडे वेचायला मीही हात लावला. गल्लीतून एक सायकल गेली, तिचा आवाज झाला नाही.

"मामी," मी म्हणालो, "मला आधी कळायला हवं होतं. ती थकायची तेव्हा."

मामींची बोटं गव्हात थांबली. मी त्यांच्याकडं पाहू शकलो नाही. त्यांनी एक खडा उचलला, अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळला, तेलाचा थेंब चोळावा तसा, आणि रस्त्यावर टाकला.

"माले बी कयाले जोयजे व्हतं," त्या म्हणाल्या. "मी तिनी माय. दिवाळीले माहेरले उनी तव्हय गच्चीना जिना चढताना दोनदा थांबनी. मी म्हनं, चप्पल चावत व्हई." मग सुपातले गहू पसरत त्या म्हणाल्या, "वरीसभर वाट देखनी, तुम्ही येतीन आनि इचारतीन, मामी, तुम्हले कसं कयनं नही?"

मी मान वर केली. म्हणजे त्याही तेवढंच घाबरून बसल्या होत्या. इतके रविवार आम्ही समोरासमोर बसलो होतो, आणि एकमेकांच्या त्याच एका प्रश्नाला भिऊन, दोघंही झाकणाकडं बघत राहिलो होतो.

पुढं आम्ही तिच्याबद्दल बोललो. फार नाही. ती लहानपणी बाटल्यांची झाकणं अदलाबदल करून ठेवायची, ते मामींनी सांगितलं. तिला शेवयांची खीर मुळीच आवडत नसे आणि धुळ्याला आलो की ती आपली वाटी गुपचूप माझ्याकडं सरकवायची, ते मी सांगितलं. मामींना ते माहीत नव्हतं. त्या इतक्या हसल्या की सूप सांडलं. "इतल्या वरीसनी खीर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बठ्ठी तुम्हीच खाधी?" मी होय म्हणालो. मग दोघं मिळून ओट्यावर सांडलेले गहू गोळा करू लागलो. ऊन उतरत होतं, आणि निवडायचे गहू अजून पुष्कळ होते.